मॅक सेनेटच्या पिक्चरांना स्क्रिप्टच नसायची म्हणे!

मूकपटांचा विषय निघाला की कोणीतरी हे सांगतंच, की अमेरिकेत विनोदी मूकपट काढणाऱ्या सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओत स्क्रिप्ट वगैरे भानगड नव्हती, कॅमेरा उचलायचा, पोलिसांच्या वेशातले नट धावडवायचे, झाला पिक्चर. आता ही वावडी आली कुठनं तर चॅप्लिनच्याच आत्मचरित्रात आहे, सेनेटने त्याला सांगितलं की आमच्याकडे पटकथा नसते, एक कल्पना घ्यायची आणि शेवटी पाठलागापर्यंत न्यायची. आणि 1914 चा चॅप्लिनचा तो कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसच्या मोटार रेसवाला छोटा पिक्चर खऱ्या रेसच्या गर्दीत जाऊन बराचसा आयत्या वेळीच केलेला, त्यामुळे लोकांना पटलं पण.

पण अहो, सेनेट स्वतः लेखक होता! बायोग्राफ या फिल्म कंपनीत दिग्दर्शक ग्रिफिथच्या हाताखाली असताना 1909 च्या 'द लोनली व्हिला'ची कथा त्याच्याच नावावर आहे. 1912 ला कीस्टोन काढल्यावर तिथे पगारी लेखक होते, पुढे फ्रँक काप्रा, जो नंतर मोठा दिग्दर्शक झाला, तो सुद्धा त्याच्याकडे गॅग म्हणजे विनोदी प्रसंग लिहायला होता. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे त्याच्या स्टुडिओची कागदपत्रं, ती लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्समधल्या मार्गारेट हेरिक या सिनेमाच्या लायब्ररीत आहेत, त्यात ढिगाने स्क्रिप्ट आहेत. सेटवर नट त्यात भर घालायचे, बदलायचे, ते खरंच. पण कोरा कागद घेऊन शूटिंगला निघायचे हे काही खरं नाही. रोजचा खर्च बघणारा प्रोड्युसर असं करेल का, तुम्हीच सांगा.