कपाटातले रंगीत फोटो लाल का होतात?

आजी-आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो अजून ठसठशीत असतो आणि आई-बाबांच्या लग्नाचा सत्तरच्या दशकातला रंगीत अल्बम मात्र लालसर होऊन बसलेला असतो. उन्हानं रंग उडाले म्हणावं, तर अल्बम सगळी वर्षं लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. अंधारातच रंग जातो, आणि त्यामागचं रसायनशास्त्र मला फार विलक्षण वाटतं.

कृष्णधवल फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. नीट धुतलेला असा फोटो शंभर वर्षं टिकू शकतो. रंगीत फोटोच्या कागदावर मात्र प्रकाशसंवेदी जिलेटिनचे तीन थर असतात. प्रत्येकात चांदीचे क्षार आणि सोबत 'कपलर' नावाचं संयुग. प्रकाश पडलेल्या क्षारांतून डेव्हलपर नावाचा रासायनिक द्रव चांदी मोकळी करतो. ते करताना त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं आणि तो शेजारच्या कपलरला जाऊन जोडला जातो. या जोडणीतून जागच्या जागी रंगद्रव्य तयार होतं: एका थरात पिवळं, दुसऱ्यात किरमिजी, तिसऱ्यात निळसर हिरवं, म्हणजे सायन. मग ब्लीच आणि फिक्सर ही रसायनं चांदी काढून टाकतात. जिच्यामुळे चित्र उमटलं ती चांदीच फोटोत उरत नाही. उरतात नाजूक सेंद्रिय रेणू.

त्या काळच्या बऱ्याच कागदांत सायन सगळ्यांत कच्चं होतं. उष्णता आणि दमट हवा एवढ्यानंच त्याचा रंग जातो. सायनचं काम लाल प्रकाश शोषण्याचं. ते विरळ झालं की लाल प्रकाश जास्त परत येतो आणि हिरवा शालू मातकट दिसू लागतो.

मग घरात वाद रंगतो: मावशी म्हणते शालू हिरवा, काका म्हणतात तपकिरी. अशा वेळी मांडवाच्या खांबाला बांधलेली केळीची पानं बघावीत. शालू आणि पानं सारखीच मातकट झाली असतील, तर मावशीचं बरोबर असण्याची शक्यता जास्त.

'एआय'नं जुन्या फोटोत प्राण फुंकणाऱ्या ॲपची जाहिरात बघून हुरळून जाऊ नये. रंग पुरता गेला असेल तिथे ॲप इतर असंख्य फोटोंवरून अंदाज बांधतं. तुमच्या आईचा शालू त्यानं पाहिलेला नाही. हा अंदाज निरुपद्रवीही नाही. २००२ साली मानसशास्त्राच्या संशोधक किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना त्यांच्या लहानपणीचा म्हणून गरम हवेच्या फुग्यातल्या सफरीचा बनावट फोटो दाखवला. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना न घडलेली ती सफर थोडीफार किंवा पूर्ण 'आठवू' लागली होती.

म्हणून अल्बम माळ्यावर, तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नका. घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवा. थोडं जरी सायन शिल्लक असलं तरी स्कॅनरला ते टिपता येतं आणि रंग बराचसा परत आणता येतो, तेव्हा स्कॅन याच वर्षी करा. मूळ फाइलला हात न लावता दुरुस्ती वेगळ्या प्रतीवर करा, आणि शालूचा रंग मावशीला विचारून त्या फाइलसोबत लिहून ठेवा.