किनारी पदभ्रमंती, कोकण

शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघून रविवारी रात्री परतायचे, या बेताने घरची माणसे आणि मित्रमंडळी पाठीवर सॅक घेऊन कोकणच्या समुद्रकिनाऱ्याने गावोगाव पायी फिरतात, त्या प्रथेला किनारी पदभ्रमंती म्हणता येईल. बोलीत तिला ‘बीच ट्रेक’ किंवा नुसते ‘किनाऱ्याने चालणे’ म्हणतात. महाराष्ट्राला सुमारे 720 किमी. लांबीचा किनारा आहे. त्यातल्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ही भटकंती प्रामुख्याने चालते. सह्याद्रीतल्या ट्रेकप्रमाणे इथे उभे चढ नसतात, त्यामुळे शाळकरी मुले, त्यांचे आईवडील आणि पायाने धडधाकट असलेली आजी अशी तीन पिढ्यांची माणसे एकत्र चालू शकतात. शिवाय ही वाट निर्जन रानातून जात नाही. कोळीवाडा, नारळी-पोफळीची आगरे, देवळाची पाखाडी, कुणाच्या तरी घराचे खळे अशी ती सतत वस्तीतून जाते. चालणारा इथे पाहुणा असतो, आणि ही भटकंती कशी करावी याचे बहुतेक संकेत त्यातूनच आले आहेत.

कोकणाला पायी चालणे नवे नाही. रस्ते होण्याआधी गावांमधला व्यवहार पायवाटा, होड्या आणि खाड्यांवरच्या तरींवर चालत असे. मुंबईचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशा बंदरांत उतरे आणि ट्रंक डोक्यावर घेऊन घराची वाट धरी. पुढे एस.टी. गावागावांत पोहोचली. रोह्यापासून दक्षिणेकडे जाणारी कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली आणि रात्रीच्या गाडीने सकाळी रत्नागिरी किंवा कुडाळ गाठणे सोपे झाले. दोन दिवसांची किनारी भटकंती शक्य झाली ती मुख्यतः यामुळे. पुण्याकडची मंडळी ताम्हिणी किंवा वरंध घाटाने उतरतात, साताऱ्या-कऱ्हाडकडची कुंभार्लीने आणि कोल्हापूरची आंबा घाटाने.

या चालण्याचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. पाण्यालगतची ओली पुळण टणक असते, तिच्यावर पाय रुतत नाही. वरची कोरडी वाळू मात्र पाऊल गिळते, आणि सॅक पाठीवर असताना तिच्यातून तासभर चाललेला माणूस दमून जातो. म्हणून ओहोटीला चालावे आणि भरतीला गावात विसावावे, हा पहिला नियम. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते. दिवसातून दोनदा तेच घडते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. जागेप्रमाणे यात थोडा फरक पडतो, पण बेत आखायला एवढे पुरते. भरतीची वेळ रोज पाऊण ते एक तासाने पुढे सरकते, हे ध्यानात ठेवून रविवारचा बेत शनिवारपेक्षा थोडा उशिराचा धरावा.

या हिशेबातून एक व्यवहारी गोष्ट निघते, आणि कुटुंबाचा बेत आखणाऱ्याने ती आधी पाहावी. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासच्या शनिवार-रविवारी पाणी भर दुपारी चढलेले असते आणि सकाळी-संध्याकाळी खूप आत गेलेले असते. म्हणजे उन्हे कोवळी असताना रुंद, टणक पुळण मिळते आणि दुपार जेवण्या-झोपण्यात जाते. पौर्णिमा असेल तर संध्याकाळी चांदणेही मिळते. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट होते. ओहोटी ऐन दुपारी येते, आणि भांगाचे, म्हणजे बेताच्या भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने पाणी फारसे मागेही हटत नाही. लहान मुले बरोबर असतील तर सुट्टीची तारीख दिनदर्शिकेतल्या लाल रकान्यावरून ठरवण्यापेक्षा तिथीवरून ठरवणे केव्हाही चांगले. खडकाळ टप्प्यांना हा नियम अधिकच लागू पडतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या टेकाडावरून उतरून समुद्राच्या खडकांवर येते. ती ओहोटीलाच करायची असते, आणि लाटा उसळत असतील तर गुरव किंवा दुकानदार सांगेल ते निमूट ऐकून मागे फिरायचे असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही ओहोटीला चालत जाता येते, मात्र परतीची वेळ आधी ठरवूनच आत जावे.

दुसरा अडसर खाड्यांचा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, कर्ली अशा सह्याद्रीतून आलेल्या नद्या किनारा जागोजाग तोडतात. नकाशावर समोरासमोर दिसणारी दोन गावे रस्त्याने कित्येक किलोमीटर दूर असू शकतात. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी येथे वाहने नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. लहान खाड्यांवर गावातला होडीवाला पलीकडे सोडतो. मुलांना या प्रवासात सगळ्यांत जास्त काय आठवते, असे विचारले तर बहुधा होडीच. खाडीचे मुख चालत किंवा पोहत ओलांडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ओहोटीचे पाणी तिथून जोराने समुद्राकडे ओढते आणि गुडघाभर वाटणाऱ्या पाण्याखाली एकाएकी खोल पात्र लागते.

दोन दिवसांना पुरतील असे टप्पे बरेच आहेत. नवख्यांसाठी मांडवा ते अलिबाग सोयीचा. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरून सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली असे सुमारे 20 किमी. चालायचे. वाटेत मोठी नदी आडवी येत नाही आणि कुणी थकले तर आतल्या रस्त्यावर रिक्षा मिळते. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे शिल्पालय आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो किहीमला. थळसमोर खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग आहेत.

दापोली तालुक्यातला केळशी ते हर्णै हा टप्पा याहून सुंदर आहे. केळशीची वाळूची टेकडी, पुढे उटंबर, आडे, पाडले, मग आंजर्ल्याची लांबच लांब पुळण आणि वर कड्यावरचा गणपती. खाडी ओलांडून हर्णैला पोहोचले की बंदरावरचा मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मधले डोंगराचे नाक चढून उतरावे लागते, तेवढाच काय तो श्रम. रत्नागिरीच्या उत्तरेस मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे हा टप्पा, तर दक्षिणेस देवबागहून होडीने कर्लीची खाडी ओलांडून भोगवे, निवती, खवणे हा टप्पा प्रसिद्ध आहे. किनारा सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर, चढणाऱ्यांना रत्नागिरी-राजापूर भागात जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पे पाहता येतात. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे ही त्यांतली काही ठिकाणे. सड्यावर झाड नाही, पाणी नाही, त्यामुळे तिथे सकाळी लवकर जावे आणि शिल्पांच्या रेघांवर पाय देऊ नये.

मुक्काम बहुधा घरगुती असतो. पडवीत किंवा माडीवर गाद्या घालून मिळतात आणि जेवण घरचेच असते. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी भात, माशाचे कालवण, सोलकढी; शाकाहारी घरात कुळथाची पिठी, वालाची उसळ आणि सणासुदीला मोदक. किती माणसे, मासे खाणारी किती, हे आदल्या दिवशी कळवणे गरजेचे आहे, कारण बाजार जवळ नसतो आणि मासळी त्या दिवशीच्या डालीतून येते. काही देवस्थानांची भक्तनिवासेही आहेत. तंबू लावायचा तर गावाला विचारून, भरतीच्या रेषेच्या बराच वर आणि माडाखाली कधीही नाही, कारण रात्री पडणारा नारळ जीव घेऊ शकतो. घरच्या विहिरीवर आंघोळ करण्याआधी विचारावे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेले असते.

राहणे-जेवणे गावात होत असल्यामुळे सॅक हलकी ठेवता येते. कपड्यांचा एक जोड, टॉवेल, टोपी, विजेरी, दोन लिटर पाणी, मीठ-साखर, पट्टी आणि ओल्या पायांना चालतील असे पट्ट्यांचे सँडल एवढे पुरेसे असते. मुलाच्या पाठीवर त्याचे पाणी आणि खाऊ यापलीकडे काही देऊ नये. दिवसाला दहा-बारा किलोमीटर हे कुटुंबाला झेपणारे अंतर. चमूतल्या एखाद्याने थकलेल्या मंडळींसह एस.टी.ने किंवा सहा आसनी रिक्षाने पुढच्या गावी जाऊन जेवणाचे पाहावे, ही रीत फार चांगली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून दमट उकाडा वाढतो, तरी आंबा-फणसासाठी लोक मेपर्यंत येतात. जून ते सप्टेंबर किनाऱ्याने चालू नये. खवळलेल्या समुद्रामुळे गेटवे–मांडवा लाँच आणि जंजिरा, सिंधुदुर्ग येथील होड्या पावसाळ्यात बंद असतात. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तीही याच दिवसांत. इतर ऋतूंतही पाण्यात उतरण्याआधी कोळ्यांना विचारावे. उताराच्या पुळणीवर दोन पावलांत पाणी गळ्याशी येते, आणि बुडणाऱ्यांत पट्टीचे पोहणारेही असतात. अंघोळीचा हट्ट धरणारे सहसा मोठेच असतात. मुलांसमोर त्यांनीच हा हट्ट सोडावा.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले आणि त्यातून तिथे घरोघरी राहण्याची सोय उभी राहिली. या किनाऱ्यांवर रात्री विजेऱ्या लावू नयेत आणि शेकोटी पेटवू नये. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, आणि समुद्राऐवजी गावाकडे वळलेले पिल्लू वाचत नाही.