दोन धातूंमधली हवा

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं चकचकीत झाकण आणि त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरचा गुळगुळीत तळ एकमेकांवर ठेवले की वाटतं, झालं, बसला कूलर. पण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दोन्ही पृष्ठभागांवर डोंगरदऱ्या दिसतात. एकमेकांना टेकतात ती फक्त शिखरं. दऱ्यांमध्ये हवा अडकून राहते. कूलर बसवणं म्हणजे मुळात ही हवा हुसकावून लावणं. पंखा केवढा आणि त्यात दिवे कोणत्या रंगाचे, हे सगळं नंतरचं.

हवा एवढी का नडते? तांब्याची उष्णतावाहकता साधारण 400 वॅट प्रति मीटर-केल्विन, हवेची जेमतेम 0.026. फरक पंधरा हजार पटींचा. एक हिशेबच करून पाहू. झाकण 4 बाय 4 सेंटिमीटरचं आहे, प्रोसेसर 125 वॅट उष्णता बाहेर टाकतोय आणि मध्ये केसाएवढा, म्हणजे 0.05 मिलिमीटर जाडीचा हवेचा सलग थर आहे असं धरा. एवढी उष्णता त्या थरातून पार व्हायला दोन्ही बाजूंच्या तापमानात तब्बल 150 अंशांचा फरक लागेल! आणि आजचे बरेच प्रोसेसर 95 ते 100 अंशांना पोचले की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतात. त्याच जागी 5 वाहकतेची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा घट्टसर लेप, भरा. फरक एका अंशाच्याही आत येतो. खरं तर शिखरं टेकलेली असल्यामुळे हवेचा थर कधीच सलग नसतो, त्यामुळे पेस्ट न लावता हाल इतके टोकाचे होत नाहीत. पण होतात.

मग पेस्ट सढळ हातानं थापावी का? मुळीच नाही. हवेपुढे ती सरस असली तरी तांब्याच्या मानानं 80 पट मंद आहे. थर अर्धा मिलिमीटर झाला तर वरच्याच हिशेबानं 8 अंश हकनाक चढतात. पेस्टचं काम दऱ्या बुजवण्याचं. दोन धातूंना एकमेकांपासून लांब ठेवण्याचं नाही. म्हणून झाकणाच्या मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो, झाकण मोठं असेल तर फुली. बाकीचं दाबावर सोडावं: पेस्ट मधून कडेकडे पसरत जाते आणि हवेला पुढे ढकलत बाहेर काढते.

हा दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आलटूनपालटून, दोन-दोन फेरे पिळायचे. एकच कोपरा आधी गच्च आवळला तर कूलर तिरपा बसतो आणि उरलेल्या बाजूला पेस्टचा जाड थर राहतो. घाई होते ती इथेच. त्याआधी तळावरची पारदर्शक फिल्म सोलली ना, हे मात्र बोट फिरवून बघाच. ती राहिली तर धातूंच्या मध्ये प्लॅस्टिक, आणि मग सगळी मेहनत वाया. शेवटी पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावायची.

बसवलेला कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नका. वाळलेली पेस्ट इतकी चिकटते की एएम4 सारख्या सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या बैठकीतून, अख्खा प्रोसेसर कूलरसोबत उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात. कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

पेस्ट ओली असताना कूलर उचलला तर तळावर एक सुंदर गोष्ट दिसते: नेच्याच्या पानासारखी फांद्या-फांद्यांची नक्षी. ती नुसती पेस्टची खूण नव्हे. घट्ट द्रवात पातळ द्रव किंवा वायू घुसला की तो सरळ रेषेत न जाता बोटं फुटल्यासारखा शिरतो. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये याचं गणित मांडलं. आपण पिळून बाहेर काढलेली हवा कडेनं परत आत आली, त्या वाटांचा हा नकाशा. तोच कूलर तसाच पुन्हा टेकवला तर या वाटांमध्ये ती अडकून राहू शकते. म्हणून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, दोन्ही पृष्ठभाग कोरडे होऊ द्यायचे आणि नवा ठिपका ठेवायचा.