आयप्टेशिया की माजानो? बर्घियाच्या ताटात काय वाढायचं

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांच्या घरी दोन पाहुणे न बोलावता येतात. कधी लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवंत जीव वस्तीला असलेल्या समुद्री दगडाच्या खाचेत दडून, कधी विकत आणलेल्या प्रवाळाच्या बुडाशी चिकटून. एक आयप्टेशिया, दुसरा माजानो. दोन्ही समुद्रफुलंच, म्हणजे फुलासारखे दिसणारे सी अॅनिमोनी हे प्राणी. दोन्ही सुरुवातीला बोटाच्या पेराएवढी, दोन्ही भराभर वाढणारी, आणि दोन्ही शेजारच्या प्रवाळाला डंख मारून त्याची जागा बळकावणारी. त्यामुळे बरेच जण दोघांनाही आयप्टेशियाच म्हणतात. नुसतं मारायचं असेल तर हा घोळ खपून जातो. बर्घिया पाळायची असेल तर खपत नाही, कारण ही बिनशंखाची इवलीशी समुद्री गोगलगाय फक्त आयप्टेशिया खाते. माजानो समोर असला तरी ती उपाशी मरते.

हे मला माझ्या गोगलगायींनीच शिकवलं. मी इथे न्यू जर्सीत घरच्या घरी बर्घियाची पिल्लं काढतो. मागे एकदा माझ्याकडचं खाद्य संपत आलं होतं, तेव्हा एका हौशी माणसाने सांगितलं, “माझ्याकडे आयप्टेशियाचं रान माजलंय, हवा तेवढा घेऊन जा.” डबा भरून आणला, रात्री गोगलगायींपुढे ठेवला. सकाळी सगळं जसंच्या तसं. वाटलं, नवीन पाणी आहे, बुजल्या असतील. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीकडे नीट पाहिलं. बर्घियाच्या पाठीवर बोटांसारखे बारीक झुपके असतात आणि पचनग्रंथीचे फाटे थेट त्या बोटांत शिरलेले असतात. त्यामुळे पोट भरलेलं असलं की झुपके तपकिरी दिसतात, रिकामं असलं की फिके पडतात. माझ्या गोगलगायी जवळजवळ पारदर्शक झाल्या होत्या. मग भिंगाखाली डबा धरला. एकूण एक माजानो.

तर फरक कसा ओळखायचा? आयप्टेशियाला उंच देठ असतो आणि वर विस्कटलेल्या केसांसारखी लांब, बारीक शुंडकं असतात, टोकाकडे निमुळती होत गेलेली. अंग काचेसारखं आरपार आणि चहाच्या पाण्यासारखं तपकिरी. माजानो ठेंगणा. देठ असून नसल्यासारखा, बूड बसकं, शुंडकं आखूड, जाडसर, टोकाला किंचित फुगलेली. हिरवट अंग आणि गुलाबी-जांभळी टोकं असलेला माजानो खरंच देखणा दिसतो. इतका, की नवखे लोक त्याला बबल टिप अॅनिमोनीचं पिल्लू समजून कौतुकाने वाढवतात. सहा महिन्यांनी कौतुक संपतं.

रंगावर मात्र विसंबू नका. तपकिरी रंग या प्राण्यांचा स्वतःचा नसतोच, तो त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. अंधारात ठेवलेला आयप्टेशिया शैवाल गमावून पांढराफटक होतो आणि खायला मिळालं तर तसाच जगतो. माजानोही उजेड कमी असला की मळकट तपकिरी दिसतो. नावावरूनही रंग ठरवता येत नाही. अॅनिमोनिया मांजानो हे शास्त्रीय नाव कार्लग्रेन यांनी 1900 साली दिलं, स्वाहिलीत ‘मांजानो’ म्हणजे हळद, आणि आपल्या टँकमधला माजानो बहुतेक वेळा हिरवा!

खात्रीची परीक्षा हात लावल्यावर होते. हात म्हणजे बोट नव्हे, टँकमध्ये हवा सोडायची बारीक नळी. आयप्टेशियाच्या तोंडाजवळ नळी टेकवली की तो क्षणात मिटतो आणि दगडाच्या भोकात असा गडप होतो की तिथे काही होतं का, असं वाटावं. जास्त छेडलं तर अंगातून बारीक पांढरे धागे बाहेर फेकतो. हे धागे दंशपेशींनी खच्चून भरलेले असतात. माजानोकडे असे धागे नाहीत. तो गोळा होऊन जागीच बसून राहतो, चेंगरलेल्या बटणासारखा.

बर्घिया या दंशपेशींना घाबरत नाही, उलट त्यांचा साठा करते. आयप्टेशिया खाताना न फुटलेल्या दंशपेशी ती पचवत नाही, पाठीवरच्या झुपक्यांच्या टोकांत नेऊन ठेवते आणि स्वतःच्या बचावाला वापरते. चोरीच्या काडतुसांवर चाललेला संसार. नावाचा घोळ मात्र तिच्याही वाट्याला आलाय. वर्षानुवर्षं ती बर्घिया व्हेरुकिकॉर्निस या नावाने विकली जायची. फ्लोरिडाच्या बेटांवरची ही वेगळीच जात असल्याचं 2005 साली नोंदलं गेलं आणि आता ती बर्घिया स्टेफनीए म्हणून ओळखली जाते.

आता बर्घियासाठी आयप्टेशिया पिकवण्याकडे आणि त्याच्या तोडणीकडे येऊ. आयप्टेशिया ज्या गुणामुळे उपद्रवी ठरतो, त्याच गुणामुळे तो पीक म्हणून सोन्यासारखा आहे. ऊस तोडल्यावर बुडख्यातून खोडवा फुटतो, तसंच हे. आयप्टेशिया सरकताना तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि त्या प्रत्येक तुकड्याचं नवं समुद्रफूल होतं. म्हणून शोभेच्या टँकमध्ये त्याला ब्लेडने खरवडणं म्हणजे स्वतःच्या हाताने लावणी करणं. वेगळ्या डब्यात मात्र आपल्याला तेच हवं असतं.

दगडावर पीक घेऊ नका. खाचेतला आयप्टेशिया अख्खा निघतच नाही. मी गुळगुळीत प्लास्टिकचे पसरट डबे वापरतो. पाणी खारं, तापमान 25 अंशांच्या आसपास, साधा दिवा, आठवड्यातून दोनदा ब्राइन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा जिवाची अंड्यांतून ताजी निघालेली पिल्लं, आणि खाऊ घातल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी बदलून तळाचा बुळबुळीत थर पुसणं. प्रयोगशाळांतही साधारण असंच करतात. प्रवाळ आणि शैवालाची भागीदारी अभ्यासण्यासाठी एक्झायप्टेशिया डायफाना, म्हणजे आपलाच आयप्टेशिया, मुद्दाम वाढवला जातो आणि 2015 साली त्याचा जीनोमही प्रसिद्ध झालाय. लोक ज्याला मारायला पैसे मोजतात त्याचं असं लाड-कौतुक पाहून मला हसू येतं.

काढताना जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्यायचं, कड तळव्याखाली हळूच सरकवायची. आधी आयप्टेशिया मिटतो. थोडं थांबून पुन्हा ढकललं की तळवा कडेने सुटायला लागतो आणि शेवटी तो जेलीच्या थेंबासारखा पाण्यात लोळतो. पिपेटने उचलायचा, गोगलगायींच्या भांड्यात सोडायचा. डब्याच्या तळाशी राहिलेले पांढुरके ठिपके पुसायचे नाहीत. ते पुढचं पीक.

कोणता उचलायचा, यालाही महत्त्व आहे. बर्घिया पांढऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी अंडी घालते आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत ती फुटतात. बाहेर आलेल्या पिल्लांपुढे मोठा आयप्टेशिया ठेवला तर जेवण कोण आणि जेवणारा कोण, हे उलटं होऊ शकतं. त्यांना अगदी बारीक नग द्यायचे, नाहीतर मोठा कापून त्याचे तुकडे. वाढलेल्या गोगलगायी रात्री एकत्र येऊन मोठ्यावर तुटून पडतात. सकाळी तिथे चिकट डाग तेवढा उरतो.

दुसऱ्याकडून खाद्य आणत असाल तर दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, टँकमध्ये कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का? तांबं या बिनकण्याच्या जिवांना विष आहे. दुसरा, आयप्टेशियाला चुना टोचला होता का? प्रवाळाचे टँक ठेवणारे ज्याला काल्कवासर म्हणतात तो आपला विरलेला चुनाच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याची दाट पेस्ट सिरिंजने तोंडावर सोडली की आयप्टेशिया आणि माजानो दोघंही मरतात. पण असा चुना पाजलेला आयप्टेशिया खाद्य म्हणून बाद.

डब्यात चुकून माजानो आलाच तर त्याला हीच पेस्ट. पेपरमिंट कोळंबीचा उपयोग आयप्टेशियावर बऱ्यापैकी होतो, माजानोवर तिचा भरवसा नाही, आणि बर्घियाच्या भांड्यात तर ती नकोच, गोगलगायच खाऊन टाकेल. वैतागून दगड उकळायला मात्र घेऊ नका. त्यावर पॅलिथोआ हा प्रवाळाचा विषारी भाऊबंद असला तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे त्याचं जहर घरभर पसरतं आणि माणसं दवाखान्यात जातात.

माझ्या फिक्या पडलेल्या गोगलगायींपैकी चार वाचल्या. शोभेच्या टँकमधल्या दगडाच्या मागच्या बाजूला तीन आयप्टेशिया मी आळसापोटी तसेच सोडले होते. त्यातला एक सुटला, तो त्या रात्री भांड्यात टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर चारही पाठींवर पुन्हा चहाचा रंग चढायला लागला होता. उरलेले दोन मी अजून मारलेले नाहीत.