बर्लिनच्या मुख्य रेल्वे स्थानकाची पार्श्वभूमी

बर्लिनचे आजचे मुख्य रेल्वे स्थानक, हाउप्टबानहोफ, मे २००६ मध्ये, विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जर्मनीत सुरू होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी खुले झाले. मात्र ज्या उणिवेपोटी ते बांधावे लागले ती एकोणिसाव्या शतकातली आहे. त्या काळी रेल्वे कंपन्यांनी आपापले मार्ग शहराच्या वेशीपर्यंत आणून तिथेच संपवले, त्यामुळे बर्लिनभोवती टर्मिनसांचे कडे तयार झाले आणि पुढची गाडी पकडायला प्रवाशाला शहर ओलांडावे लागे. १८८२ मध्ये विटांच्या कमानींवरून जाणाऱ्या श्टाटबान मार्गाने पूर्व-पश्चिम सोय झाली. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी उत्तर-दक्षिण दुवा मात्र राहूनच गेला.

आजच्या जागी तेव्हा लेर्टर बानहोफ हे टर्मिनस होते. दुसऱ्या महायुद्धात त्याची मोठी पडझड झाली, १९५१ मध्ये ते बंद पडले आणि दशक संपेपर्यंत जमीनदोस्तही झाले. १९६१ मध्ये शेजारच्या हुम्बोल्टहाफेन गोदीलगत पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली सीमा बंद झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये, पोहून पश्चिमेकडे जाऊ पाहणारा २४ वर्षांचा ग्युंटर लिटफिन तिथे पूर्व जर्मन पोलिसांच्या गोळीला बळी पडला. शहराच्या ऐन मध्यावर नव्या स्थानकासाठी एवढी मोकळी जागा उरली ती या फाळणीमुळेच, हे विसरता कामा नये.

जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९२ मध्ये, राहून गेलेला उत्तर-दक्षिण दुवा अखेर जोडायचे ठरले. वास्तुविशारद माइनहार्ड फॉन गेर्कान यांच्या आराखड्यात श्टाटबानचे सहा रूळ जमिनीपासून सुमारे १० मीटर उंचीवर, तर उत्तर-दक्षिण मार्गाचे आठ रूळ सुमारे १५ मीटर खोल आहेत, आणि मधल्या मजल्यांतून दिवसाचा उजेड तळाच्या फलाटापर्यंत उतरतो. बोगद्यासाठी श्प्रे नदीचा प्रवाहही काही काळ वळवावा लागला. काम वेळेत संपावे म्हणून वरचे काचेचे छत ३२१ मीटरपर्यंत आखूड केले गेले, आणि हा निर्णय चुकीचाच म्हणावा लागेल, कारण पूर्ण लांबीच्या गाडीच्या टोकाकडच्या डब्यांतले प्रवासी आजही उघड्यावर उतरतात. भुयारी फलाटांवर कमानदार छताऐवजी सपाट छत बसवल्याबद्दल गेर्कान न्यायालयात गेले. २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पुढे तडजोड झाली, आणि सपाट छत तसेच राहिले.

नवे स्थानक सुरू होताच पश्चिम बर्लिनच्या झू स्थानकावर लांब पल्ल्याच्या गाड्या थांबेनाशा झाल्या, याची नाराजी त्या भागात मोठी होती. शहराच्या भुयारी रेल्वेच्या जाळ्याशी हाउप्टबानहोफ खऱ्या अर्थाने जोडले गेले ते डिसेंबर २०२० मध्ये, ऊ-५ मार्ग पूर्ण झाल्यावर.