दव गोठते ते गार हवेमुळे नव्हे

डिसेंबर-जानेवारीत सातारा जिल्ह्यातील वृत्तपत्रांत एक बातमी हमखास येते : महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठून हिमकण जमले. त्याच बातमीत वेधशाळेने नोंदवलेले किमान तापमान कधी सहा, कधी सात अंश सेल्सिअस दिलेले असते. मग एक तर वेधशाळेचा आकडा चुकीचा असावा किंवा बातमी फुगवलेली असावी, असा वाचकांचा समज होतो. ‘मिनी काश्मीर’ हा मथळा फुगवलेला असतो हे खरे, पण वरील दोन्ही निरीक्षणे एकाच पहाटे खरी असू शकतात. ज्या प्रक्रियेमुळे हे घडते, तीच अंटार्क्टिकाच्या हिमपठारावर हिवाळ्याचे कित्येक महिने चालू राहते. ध्रुवीय हवामान समजून घ्यायचे तर सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

हवा गार होते आणि तिच्यामुळे जमीन गार होते, अशी आपली साधारण कल्पना असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री घडते ते याच्या उलट. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या तापमानानुसार अवरक्त प्रारण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे, बाहेर टाकत असतो. शून्य अंशावरचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३१५ वॅट इतकी ऊर्जा आकाशाकडे पाठवतो. वातावरणातील बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि ढग त्यातला काही भाग परत करतात, परंतु हवा कोरडी आणि आकाश मोकळे असेल तर परतफेड अपुरी पडते. त्यामुळे आधी गवताचे पाते, स्ट्रॉबेरीचे पान, मोटारीचा टप हे गार होतात आणि मग त्यांना टेकलेली हवा गार होते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर झडपांच्या पेटीत असतो. शिवाय तलावाचा भाग सखल असल्याने भोवतालच्या उतारांवरची जड, गार हवा तिथे येऊन साठते. खाली शून्य आणि वर सहा अंश असा फरक पडतो तो असा. वर जावे तशी हवा उबदार होत जाण्याच्या या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार थंडीच्या लाटेत नेमक्या अशाच रात्री जागून बागेत शेकोट्या पेटवतात, कारण आभाळ भरून आले की धोका टळतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

पृथ्वी सूर्यापासून दूर गेल्यामुळे थंडी वाढणार आणि आजार पसरणार, असा संदेश मोबाइलवर वरचेवर फिरतो. त्याला कोणताही आधार नाही. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जुलैच्या सुरुवातीला, आणि वर्षभरातील अंतराचा एकूण फरक जेमतेम तीन टक्क्यांचा आहे.

आता ध्रुवाकडे वळू. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परावर्तित करतो हे शाळेत शिकवले जाते. त्याचा दुसरा गुण फारसा सांगितला जात नाही. अवरक्त प्रारणाच्या बाबतीत हाच पांढराशुभ्र बर्फ जवळजवळ काळ्या पदार्थासारखा वागतो, म्हणजे स्वतःची उष्णता अत्यंत कार्यक्षमतेने बाहेर टाकतो. त्यातच भुसभुशीत हिमाच्या थरातून उष्णतेचे वहन फार मंद होते, त्यामुळे खालच्या थरांतील ऊब पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही तेव्हा अंटार्क्टिकाच्या हिमपठारावरचा पृष्ठभाग इतका गार होतो की त्याच्या काहीशे मीटर वरची हवा सरासरी वीस अंशांहून अधिक उबदार असते. तिथल्या व्होस्टोक या ३,४८८ मीटर उंचीवरील संशोधन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी हवेचे तापमान उणे ८९.२ अंश नोंदले गेले. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरील उथळ खळग्यांत बर्फाचा पृष्ठभाग उणे ९८ अंशांच्या जवळ जातो, असे उपग्रहांच्या मोजमापांतून दिसले आहे.

वर एवढी उबदार हवा असताना ती खालच्या बर्फाला ऊब का देत नाही, हा या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रश्न आहे. हवेतून उष्णता खाली येते ती मुख्यतः लहानमोठ्या भोवऱ्यांमुळे, म्हणजे प्रक्षोभामुळे. वाऱ्याचा वेग उंचीनुसार बदलतो आणि त्यातून भोवरे निर्माण होतात. मात्र गार हवा तळाशी आणि उबदार हवा वर अशी रचना पाण्यावर तरंगणाऱ्या तेलासारखी स्थिर असते. भोवऱ्याला जड हवा वर उचलावी लागते आणि हलकी हवा खाली दाबावी लागते, व त्यातच त्याची ऊर्जा संपते. या दोन परिणामांच्या गुणोत्तराला लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून रिचर्डसन अंक म्हणतात, आणि तो साधारण पाव या मूल्यापलीकडे गेला की प्रक्षोभ विझू लागतो. यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. तापमानातील फरक वाढत जातो तसा उष्णतेचा प्रवाह प्रथम वाढतो, परंतु एका मर्यादेनंतर फरक वाढूनही प्रवाह घटू लागतो. बर्फ अधिक गार झाल्याने प्रक्षोभ मंदावतो, प्रक्षोभ मंदावल्याने ऊब मिळेनाशी होते आणि बर्फ आणखी गार होतो. अखेर हवा आणि पृष्ठभाग यांचा संबंध जवळपास तुटतो. मोनिन आणि ओबुखोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलेला, पृष्ठभागालगतच्या हवेचा सिद्धान्त इथे लंगडा पडतो आणि हवामानाची संगणकीय प्रारूपेही इथेच अडखळतात. ही घसरण थांबते ती मुख्यतः प्रारणाच्या नियमामुळे. उत्सर्जन निरपेक्ष (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने घटत असल्याने उणे ८९ अंशांवर ते दर चौरस मीटरला सुमारे ६५ वॅट इतकेच उरते, आणि आकाशाकडून येणारे तुटपुंजे प्रारण त्याची भरपाई करू शकते.

उतार असेल तर चित्र बदलते. तिथे गार हवा वजनाने खाली घसरत जाते आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचता पोहोचता वादळी वारा होते. हा वारा थंडीतूनच जन्मतो, पण भोवरे निर्माण करून वरची ऊब पृष्ठभागापर्यंत आणतो. ढगांचा परिणाम तर त्याहून मोठा आहे. १९९७-९८ मध्ये आर्क्टिक समुद्रात एक जहाज वर्षभर बर्फात गोठवून मोजमापे घेतली गेली. त्यांत हिवाळ्याच्या दोन ठळक अवस्था आढळल्या : निरभ्र आकाशाखाली पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४० वॅट गमावत होता, तर ढगांखाली हा तोटा जवळपास शून्यावर येत होता. शून्याखालीही न गोठलेल्या सूक्ष्म जलबिंदूंचे ढग हे काम करतात. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या हिमस्तराचा जवळपास संपूर्ण पृष्ठभाग वितळला, त्यालाही अशा पातळ ढगांचा हातभार लागला होता.

आर्क्टिकमध्ये बर्फाखाली उणे १.८ अंशांच्या आसपासचा समुद्र असतो. हिवाळ्यातील उणे तीस अंशांच्या हवेपुढे ते पाणी गरमच म्हणायचे. बर्फ फाटून भेग पडली की तिच्यातून दर चौरस मीटरला शेकडो वॅट उष्णता हवेत जाते, आणि त्यामुळे एकूण क्षेत्राच्या एक-दोन टक्के असलेल्या भेगांचाही हिशेब ठेवावा लागतो.

१९७९ पासून आर्क्टिक हा जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. त्याचे श्रेय बहुधा पांढरा बर्फ जाऊन काळे पाणी उघडे पडण्याला दिले जाते, आणि उन्हाळ्यात समुद्र जादा उष्णता शोषतो हे खरेही आहे. परंतु उन्हाळ्यात वितळता बर्फ पृष्ठभागाला शून्याच्या आसपास धरून ठेवतो. ही साठलेली उष्णता समुद्र हवेला देतो ती शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या आरंभी, उशिरा गोठताना. त्या वेळी विपरीततेमुळे ती वर पसरू शकत नाही, तळाच्या पातळ थरातच कोंडली जाते आणि त्या थराचे तापमान झपाट्याने चढते. म्हणूनच आर्क्टिकमधील तापमानवाढ सर्वाधिक दिसते ती सूर्य मावळतीला लागलेला असताना आणि तो उगवतच नाही अशा महिन्यांत.