हिरव्या शेंबडाची बदनामी

गेल्या आठवड्यात मुलीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'ज्या मुलांचा शेंबूड पिवळा किंवा हिरवा आहे त्यांना कृपया शाळेत पाठवू नये. पाण्यासारखी सर्दी असेल तर चालेल.' खाली भराभर अंगठे उमटले. मी तो दोनदा वाचला, कारण नियम नेमका उलटा होता. ज्या मुलाच्या नाकातून आज सकाळपासून पाणी गळायला लागलंय ते इतरांना सर्दी देण्याच्या ऐन भरात असतं. हिरवा शेंबूड असलेलं मूल बहुतेक वेळा तो भर ओसरल्यावरच्या दिवसांत असतं.

हा समज इतका पक्का आहे की रंग पाहून अँटिबायोटिक मागणारे पालक सर्रास भेटतात. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना विचारते, शेंबूड हिरवा का होतो? 'बॅक्टेरियामुळे' हे उत्तर सगळा वर्ग एका सुरात देतो. खरं उत्तर याहून कितीतरी सुंदर आहे, म्हणून आधी तेच सांगते. शाळेचा प्रश्न त्यातूनच सुटत जातो.

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यात सगळ्यांत मोठं घराणं ऱ्हायनोव्हायरसचं, एकट्याचे १६० हून जास्त प्रकार. एका प्रकाराशी लढून तयार झालेलं संरक्षण दुसऱ्यापुढे फारसं कामाला येत नाही, म्हणून लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे अगदी नेहमीचं आहे. या विषाणूचा व्यास साधारण ३० नॅनोमीटर. नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागात तो पेशींमध्ये शिरतो. फ्लूचा विषाणू श्वासमार्गाचं अस्तर अक्षरशः सोलून काढतो. ऱ्हायनोव्हायरस तसं काही करत नाही. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या अस्तराचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो जवळपास शाबूत दिसतो. थोड्याच पेशी बाधित झालेल्या असतात.

मग एवढं नाक का वाहतं?

वाहवतं ते आपलंच शरीर. बाधित पेशी धोक्याची रसायनं सोडतात आणि ब्रॅडिकायनिनसारखे पदार्थ तयार होतात. त्यांच्यामुळे नाकातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात (नाक चोंदतं) आणि पाझरायला लागतात (नाक गळतं). निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात नुसतं ब्रॅडिकायनिन सोडून पाहिलं गेलंय. विषाणू एकही नाही, तरी नाक गळलं, चोंदलं, घसाही दुखला. पहिल्या दिवसाचं ते पातळ पाणी म्हणजे मुख्यतः रक्तवाहिन्यांमधून झिरपलेला द्रव आणि ग्रंथींचा स्राव. बाधित पेशींनी सोडलेल्या आणखी एका रसायनाचं, इंटरल्युकिन-८ चं, काम निरोप्याचं. तो निरोप न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींसाठी असतो.

न्यूट्रोफिल ही आपली पायदळ सेना. अस्थिमज्जेत दिवसाला सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि त्यांचं आयुष्य जेमतेम काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. शेंबडाचा पातळ थर काचपट्टीवर पसरून, रंग देऊन पाहिला की त्या लगेच ओळखू येतात: केंद्रक एकसंध गोल नसतं, बारीक दोऱ्याने जोडलेल्या तीन-चार मण्यांसारखं असतं. बाकीची पेशी दाण्यांनी भरलेली. आपली गोष्ट या दाण्यांत आहे.

दाण्यांमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, ठासून भरलेलं असतं. काम असं: पेशी आधी ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते, मग हे विकर त्यात मिठातला क्लोराइड मिसळून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. फरशी निर्जंतुक करायला जे ब्लीच वापरतात, त्यात जंतू मारण्याचं काम करणारं रसायन हेच. प्रत्येक न्यूट्रोफिल म्हणजे ब्लीचचा एक अतिसूक्ष्म कारखाना.

आणि हे विकर हिरवं असतं. शुद्ध करून परीक्षानळीत घेतलं तरी हिरवंच. स्वीडनमधले शेल ऍग्नर यांनी १९४१ साली पांढऱ्या पेशींमधून ते वेगळं काढलं तेव्हा त्याचं नावच 'व्हर्डोपेरॉक्सिडेज', म्हणजे हिरवं पेरॉक्सिडेज, असं ठेवलं होतं.

आता इथे थोडं रसायनशास्त्र, कारण मला ते सोडवत नाही. या विकराच्या गाभ्यात हीम असतं: चार नायट्रोजनांनी मधोमध लोहाचा अणू धरून ठेवलेलं एक कडं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही हीमच असतं. मग रक्त लाल आणि हे हिरवं कसं? हिमोग्लोबिनमध्ये ते कडं प्रथिनाच्या खोबणीत सपाट बसलेलं असतं, लोहाच्या एका बंधाने धरलेलं. मायलोपेरॉक्सिडेजमध्ये त्याच कड्याला प्रथिन तीन जागी पक्क्या सहसंयुज बंधांनी जखडतं. त्यातला एक बंध गंधकामार्फत असतो आणि तो कड्यातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो. कडं वाकतं. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकतात, कोणता प्रकाश शोषायचा ते बदलतं, आणि उरलेला जो प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो तो हिरवा असतो. पानातल्या हरितद्रव्यातलं कडं या हीमचं चुलत भावंड, फक्त मध्यभागी लोहाच्या जागी मॅग्नेशियम. रक्ताचा लाल, पानाचा हिरवा आणि मुलाच्या रुमालावरचा हिरवा, तिन्ही रंग एकाच घराण्यातले आहेत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकृतीकडे पाहत बसले होते.

थोडक्यात, शेंबूड हिरवा दिसतो तो त्यात न्यूट्रोफिल भरपूर जमल्यामुळे. विषाणूने बोलावलं तरी त्या येतात, बॅक्टेरियाने बोलावलं तरी येतात. बोलावणारा कोण, हे रंगावरून ओळखता येत नाही. रात्रभर नाकात साचून राहिलेला शेंबूड घट्ट होतो, म्हणून सकाळी गडद हिरवा निघतो आणि त्याच मुलाचा दुपारी जवळपास पांढरा. त्या मेसेजप्रमाणे वागायचं तर आठ वाजता घरी ठेवायचं आणि दोन वाजता शाळेत पाठवायचं, असं होईल.

बॅक्टेरियाची शंका कधी घ्यायची यासाठी बालरोगतज्ज्ञ रंगापेक्षा काळ पाहतात: सर्दी दहा दिवस उलटूनही जराही कमी झालेली नाही, किंवा बरी होता होता अचानक पुन्हा उलटून ताप आला, किंवा सुरुवातच ३९ अंश सेल्सिअसच्या वर तापाने झाली आणि तीन-चार दिवस घट्ट शेंबडासह तशीच टिकली. एरवी सर्दीवर अँटिबायोटिक देणं म्हणजे विषाणूला काही न करता पोटातल्या उपयोगी जंतूंना मारणं.

आता संसर्गाचं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते तीन दिवस जातात. नाकातली विषाणूंची संख्या लागणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते, म्हणजे पहिलं पाणी गळायला लागतं त्याच सुमाराला, आणि मग भराभर खाली येते. पुढे दोन-तीन आठवडे चाचणीत अंश सापडत राहतो, पण तो क्षीण. शेंबूड हिरवा व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे रंग मागून येतो, घड्याळ पुढे निघून गेलेलं असतं. शिवाय आज शिंकणारं मूल काल ठणठणीत दिसत असतानाही इतरांना थोडीफार सर्दी देतच होतं. त्यामुळे शाळेच्या दारात नाकं तपासून सर्दी थांबवता येत नाही.

ती पसरते कशी, यावर एक प्रयोग मला फार आवडतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले इलियट डिक आणि सहकाऱ्यांनी सर्दी झालेल्या आणि निरोगी स्वयंसेवकांना एकत्र बसवून बारा-बारा तास पोकर हा पत्त्यांचा खेळ खेळायला लावलं. निम्म्या निरोगी खेळाडूंना चेहऱ्याला हात लावताच येणार नाही अशा पट्ट्या बांधल्या होत्या. हात मोकळे असलेल्या १८ पैकी १२ जणांना सर्दी लागली आणि हात बांधलेल्या १८ पैकी १० जणांना. फरक नगण्य. म्हणजे हवेतून पुरेशी पसरली. मग त्यांनी आजारी खेळाडूंच्या हातात बारा तास मळलेले पत्ते दुसऱ्या खोलीत नेऊन निरोगी लोकांना खेळायला दिले. बारांपैकी एकालाही सर्दी झाली नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या प्रयोगांत मात्र शेंबूड लागलेला हात हातात घेऊन नंतर स्वतःचं नाक-डोळे चोळले तर लागण होते हेही दिसलं होतं. दोन्ही वाटा खऱ्या. आणि दोन्हींना वेळ लागतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जोडप्यांपैकी एकाला मुद्दाम सर्दी दिली, तर निम्म्याहून कमी जोडीदारांना ती लागली. ज्यांना लागली ती जोडपी दिवसातले कितीतरी तास एकत्र घालवणारी होती.

म्हणून बंद खिडक्यांच्या खोलीतले सहा तास आणि मैदानावरचा एक तास यांची बरोबरी होत नाही. खिडकी उघडणं हा सर्दीवरचा खरा उपाय आहे. हात धुण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी: ऱ्हायनोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचं सॅनिटायझर कोरोनावर जितकं चालतं तितकं याच्यावर चालत नाही. साबण चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले की तो निघून जातो.

ओल्या केसांनी, गार वाऱ्याने सर्दी 'होते' हेही इथेच बाजूला करते. इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या कॉमन कोल्ड युनिटमध्ये १९४६ पासून चार दशकं स्वयंसेवकांवर सर्दीचे प्रयोग झाले. तिथे माणसांना ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं करून, ओले मोजे घालायला लावून पाहिलं. त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. तसंच 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून मुलांच्या गळी उतरवल्या जाणाऱ्या सिरपांचं. सर्दीत जो त्रास होतो तो प्रतिकारशक्ती काम करते म्हणूनच होतो. ती 'वाढवणं' म्हणजे नक्की काय वाढवणं, हे त्या बाटलीवर कधीच लिहिलेलं नसतं.

मग मुलाला पाठवायचं की नाही? मी रंग न पाहता मूल पाहते. अंगात ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आहे का? असेल तर घरी, आणि ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला असल्याशिवाय पाठवायचं नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, मार्च २०२४ मध्ये श्वसनाच्या विषाणूंसाठी दिलेला सल्ला असाच आहे: ताप नाही, एकूण लक्षणं उतरणीला लागून २४ तास झाले, की बाहेर पडा आणि पुढचे पाच दिवस जरा जपून वागा. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस तर किरकोळ सर्दी-खोकल्यासाठी शाळा बुडवू नका असंच सांगते. मूल खेळतंय का, खातंय का, की नुसतं पडून आहे? सतत खोकला येऊन वर्गात बसताच येत नसेल तर ते पाठवणं त्याच्यावरच अन्याय आहे.

श्वास मात्र मोजायचा. मूल शांत असताना शर्ट वर करून, पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, तर शाळेचा विचारच नको, डॉक्टरांकडे जायचं. गोवर आणि डांग्या खोकलाही सुरुवातीला सर्दीसारखेच दिसतात. डोळे लाल, ताप चढता, लसी राहून गेलेल्या, असं असेल तर घरीच ठेवून दाखवून घ्यावं.

खेळायला जाण्याचं गणित वेगळं आहे. शाळा बुडाली की अभ्यास बुडतो आणि आई-बापांपैकी एकाचं काम बुडतं. खेळ आठवडाभराने होऊ शकतो. आणि समोरच्या घरात कोण आहे यावर सगळं अवलंबून असतं. आरएसव्ही हा सर्दी करणारा आणखी एक विषाणू. मोठ्या मुलाला तो झाला तर ती एक सर्दी असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तोच विषाणू रुग्णालयात पोहोचवू शकतो. दमा असलेल्या मुलाला साधा ऱ्हायनोव्हायरसही अटॅक आणतो. ही माहिती शाळेच्या दारात कुणाला नसते, पण मैत्रिणीच्या घरी एका फोनवर मिळते. उलट घरात कुणी नाजूक नसेल, सर्दी चौथ्या-पाचव्या दिवसावर असेल आणि खेळ अंगणात असेल, तर मुलांना अडवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. लहानपणी सर्दी चुकवली तरी ती बहुधा पुढे ढकललेली असते. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांपैकी मोठ्या पाळणाघरात गेलेल्यांना दोन वर्षांच्या वयात जास्त सर्दी झाली, ६ ते ११ या शाळेच्या वयात कमी, आणि तेराव्या वर्षी फरक उरला नाही.

माझ्या मुलीची परवाची सर्दी चौथ्या दिवशी चांगली हिरवीगार होती. ताप नव्हता, झोप झालेली होती, सकाळपासून दोरीवरच्या उड्या चालल्या होत्या. तिला रुमाल देऊन शाळेत पाठवलं आणि ग्रुपवर वरची सगळी कारणं लिहिली. रविवारी तिला मैत्रिणीकडे खेळायला जायचं होतं. मी फोन केला तेव्हा त्या घरात दोन महिन्यांचा भाऊ आहे हे कळलं. तो बेत पुढच्या रविवारवर ढकलला, आणि तोही बाहेर मैदानात.